कोणाच्या हाताला काय येते, हे आधी पाहावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात सोलापूरच्या कारखानदारीविषयी नियमितपणे बातम्या व लेख येतात. सुताचे चढे भाव, विजेचे दर, निर्यातीतील चढउतार, नोकरीसाठी पुण्याला आणि हैदराबादला जाणारी मुले, या सर्वांवर भरपूर लिहिले जाते आणि ते आवश्यकही आहे. मात्र एका छताखाली काम करणाऱ्या दहा-वीस माणसांची जुळणी कशी करावी, त्यांपैकी कोणाला काय चांगले येते हे कसे ओळखावे आणि त्याचा सर्वांच्या कामाला उपयोग कसा करून घ्यावा, हा विषय चर्चेत क्वचितच येतो. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात शिलाई व तपासणी विभागाची पर्यवेक्षक म्हणून मी अनेक वर्षे काम केले असून आता निवृत्त झाले आहे. त्या अनुभवावरून या विषयासंबंधी काही विचार आपल्या वाचकांपुढे ठेवावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे कामाची वाटणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. नवीन बाई कामावर येते त्या दिवशी जे मशीन रिकामे असेल तिथे तिला बसवले जाते, आणि पुढे अनेकदा निवृत्तीपर्यंत ती तिथेच बसते. कार्यालयात जो टेबल रिकामा असेल तो नव्या कारकुनाच्या वाट्याला येतो. गणेशोत्सव मंडळात वर्गणीचे पुस्तक ज्याच्या काकाकडे होते त्याच्याच पुतण्याकडे ते जाते. यात कोणाचा दुष्टावा असतो असे मला वाटत नाही. काम आज सुरू झाले पाहिजे, ही निकड असते आणि माणसाला पारखायला वेळ द्यावा लागतो, तो द्यायची सवय आपल्याला नाही. मात्र या घाईची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते, आणि ती कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आमच्या विभागात टॉवेलच्या आडव्या कडा दुमडून शिवणाऱ्या स्त्रियांची एक रांग होती. त्या रांगेतील एका बाईंचे नाव रोजच्या नोंदवहीत नेहमी तळाला असे. काम नीटनेटके, पण नग कमी. त्यांना कामावरून कमी करावे, असे वरून दोनदा सुचवण्यात आले होते. एके दिवशी मी त्यांच्या मशीनशेजारी उभी राहून नुसते पाहत राहिले. त्या प्रत्येक टॉवेल शिवण्याआधी क्षणभर दाराच्या बाजूला, उजेडाकडे धरत होत्या आणि काही टॉवेल न शिवता बाजूला ठेवत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "अक्का, हा त्या लॉटचा नाही. एका डझनात दोन रंग जातील." मला दोन्ही टॉवेल सारखेच निळे दिसत होते. दोन्ही घेऊन आम्ही बाहेर उन्हात गेलो, तेव्हा कुठे एकात किंचित हिरवट झाक असल्याचे मला दिसले. रंगाई विभागात एकच रंग दोन वेळा तयार केला की त्यात असा सूक्ष्म फरक पडू शकतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो बहुतेकांना दिसत नाही. परदेशातील ग्राहकाने खोके उघडले की मात्र तो पहिल्यांदा दिसतो आणि सगळा माल परत करण्याची भाषा सुरू होते. ज्या कारणाने या बाई मंद ठरल्या होत्या तेच काम कारखान्याला सर्वात जास्त हवे होते. ते काम त्या कोणी न सांगता, स्वतःच्या मजुरीला चाट लावून करत होत्या.

त्यानंतर शिलाईच्या आधी, पूर्वेकडच्या दाराजवळ एक टेबल मांडून रंग जुळवण्याचे काम त्यांच्याकडे दिले गेले. पूर्वी ही तपासणी शिलाई झाल्यावर होत असे, त्यामुळे चुकीच्या जोडीवर झालेली शिलाईची मेहनत वाया जाई. ती वाचली आणि परत येणाऱ्या मालाच्या तक्रारी स्पष्टपणे घटल्या. परंतु गोष्ट इथेच संपली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. खरा प्रश्न पुढे आला. आमच्याकडे मजुरी नगावर होती, आणि या बाई आता एकही नग शिवत नव्हत्या. म्हणजे ज्या गुणामुळे सर्वांचा फायदा झाला, त्याच गुणामुळे त्यांचे घर अडचणीत येणार होते. त्यांना दिवसाच्या हिशेबाने मजुरी मिळावी म्हणून मालकांशी बरेच दिवस बोलणी करावी लागली. दुसरीकडे रांगेतील इतर स्त्रियांच्या मनात नाराजी होती. "आम्ही मान खाली घालून शिवायचे आणि त्यांनी दारात बसून नुसते बघायचे," असे बोलणे कानावर येई. ही नाराजी स्वाभाविक होती. मग प्रत्येकीला अर्धा-अर्धा तास त्या टेबलावर बसवले. ज्यांना वाटत होते की हे काम सोपे आहे, त्यांना ते करून पाहता आले. त्यातूनच आणखी एका मुलीची नजर तशीच तयार असल्याचे लक्षात आले, आणि बाई रजेवर असताना ती मुलगी काम सांभाळू लागली.

या अनुभवातून मला जी गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते, ती मजुरीची आहे. एखाद्याचा गुण ओळखा, असे सांगणे सोपे आहे. पण आपल्या शहरातील कामाचा फार मोठा भाग नगावर, मीटरवर किंवा हजारावर मोजला जातो. यंत्रमागावर विणलेल्या मालावर मजुरी, विडीच्या धंद्यात हजार विड्यांमागे मजुरी. या पद्धतीत फक्त एकच गुण दिसतो, तो म्हणजे हाताचा वेग. नवीन आलेल्या मुलीला धीराने शिकवणारी बाई, शेजारणीचे मशीन अडले की उठून दोरा नीट करून देणारी, दोघींचे भांडण मिटवणारी, माग नुसता ऐकून त्याचे काय बिघडले आहे ते सांगणारा जॉबर (माग जुळवणारा व दुरुस्त करणारा कारागीर), या सर्वांचे काम नगाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. उलट, दुसऱ्याला मदत करायला उठलेल्याचे स्वतःचे नग बुडतात. अशा ठिकाणी 'सर्वांनी मिळून काम करा' असा फलक भिंतीवर लावून काय होणार? मोजमापाची पद्धत एकट्याने धावायला सांगते आणि फलक मिळून चालायला सांगतो. कामगार मोजमापाचेच ऐकणार, कारण त्याचे पोट त्यावर आहे. म्हणून कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की शिकवणे, दुरुस्ती करणे आणि दोष आधी शोधणे या कामांसाठी नगाच्या मजुरीव्यतिरिक्त काही ठरावीक रक्कम बांधून द्यावी. तिचा आकडा लहान असला तरी चालेल, पण ती भेट म्हणून न देता मजुरी म्हणून द्यावी.

दुसरा मुद्दा खास सोलापूरचा आहे. आमच्या विभागात घरी तेलुगू बोलणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, काहींच्या घरी कन्नड आणि काहींच्या घरी उर्दू. बैठका मराठीत होत. व्यवस्थापनातील तरुण मंडळी बोलत तेव्हा त्यात इंग्रजी शब्दांची भर पडे. अशा बैठकीत जी बाई मोकळेपणाने मराठी बोलते तीच हुशार ठरते आणि बाकीच्या गप्प आहेत म्हणजे त्यांना काही सांगायचे नाही, असे गृहीत धरले जाते. एकदा सुया तुटण्याचा प्रश्न फार वाढला होता. तुटलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा सापडल्याशिवाय माल पुढे जाऊ देता येत नाही, कारण टॉवेलात राहिलेला तुकडा कोणाच्या तरी अंगाला लागेल. त्यामुळे काम तासन्‌तास अडे. बैठकीत सुयांच्या दर्जावर, मशीनच्या वेगावर बरीच चर्चा झाली. मागच्या बाजूला बसलेल्या एक वयस्क बाई शेजारणीला तेलुगूत काहीतरी सांगत होत्या. त्यांना तेलुगूतच बोलायला सांगितले आणि शेजारणीने ते मराठीत सांगितले. टॉवेलाच्या कोपऱ्यावर कापडाचे थर एकावर एक चढतात आणि सुई तिथेच तुटते, म्हणून त्या शिवण्याआधी कोपरा अंगठ्याने दाबून सपाट करून घेत आणि तेवढ्यापुरता मशीनचा वेग कमी करत. त्यांची सुई क्वचितच तुटे, हे नोंदवहीतही होते, पण ती नोंद कोणी उलट्या बाजूने वाचली नव्हती. तेव्हापासून आमच्या बैठकीत ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावे आणि शेजाऱ्याने ते सर्वांना सांगावे, असा रिवाज पडला. बहुभाषिक असल्याचा अभिमान आपले शहर नेहमी सांगते. तो अभिमान कामाच्या जागी एवढ्या साध्या रूपात आला, तरी बरेच गुण उजेडात येतील.

माझी भाची व्यवस्थापनशास्त्र शिकते. तिच्याशी या गोष्टी बोलताना असे लक्षात आले की आम्हाला कामातून जे जाणवले, त्यावर इतरत्र शास्त्रीय पद्धतीने अभ्यास झालेला आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना एकेकट्याने आणि गटाने भार ओढायला लावून त्यांचे बळ मोजले होते. गटातील माणसे वाढली की एकूण बळ वाढते, पण माणशी बळ कमी होत जाते, असे त्याला दिसले. हा अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. याची दोन कारणे मानली जातात. सर्वांचा जोर एकाच क्षणी लागत नाही हे एक, आणि गर्दीत आपला वाटा कोणाला दिसत नाही म्हणून माणूस नकळत हात आखडता घेतो हे दुसरे. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगून हेच तपासले. त्यांच्या नंतरच्या प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे ओळखला जाणार आहे असे सांगितल्यावर तो आळस बराच कमी झाल्याचे आढळले. माझ्या दृष्टीने यातील शेवटचा भाग मोलाचा आहे. गटात आपला वाटा दिसतो आहे, त्याची दखल घेतली जाते आहे, एवढी खात्री माणसाला कामाला लावते.

इंग्लंडमधील हेन्ली येथील व्यवस्थापन महाविद्यालयात मेरेडिथ बेल्बिन या संशोधकांनी केलेले निरीक्षणही विचार करायला लावणारे आहे. बुद्धीच्या चाचणीत सर्वात वर आलेल्यांचे गट मुद्दाम बनवून त्यांना इतर गटांबरोबर व्यवसायाचा खेळ खेळायला दिला, तर हे हुशार गट बहुतेक वेळा मागे पडले. प्रत्येकजण दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्यात गुंतला आणि पुढचे काम करायला कोणी उरले नाही. आपल्या शाळांत पहिल्या क्रमांकाच्या मुलांचाच गट करून त्यांना स्पर्धेला पाठवण्याची जी पद्धत आहे, तिचा फेरविचार करायला हे पुरेसे आहे. 'योजकस्तत्र दुर्लभः' (प्रत्येकाचा योग्य उपयोग करून घेणारा मात्र दुर्मिळ) हे सुभाषित आपण लहानपणी पाठ केले, पण योजक होण्याचे शिक्षण मात्र कुठेही दिले जात नाही.

वास्तविक या शहराला ही गोष्ट परकी नाही. संक्रांतीच्या यात्रेत श्री सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी तोलून न्यायच्या उंच, जड काठ्या, निघतात, त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून रात्री रस्त्यांवर सराव चालतो. कोणाचा तोल किती वेळ टिकतो, कोण वेळेवर पुढे होऊन थकलेल्याचा भार घेतो, हे त्या सरावात सर्वांसमोर दिसते. तिथे कोणाच्या शिफारशीने चालत नाही. जी पारख आपण यात्रेच्या कामी इतक्या श्रद्धेने करतो, ती रोजच्या कामाच्या वेळी का करू नये, असा प्रश्न मला दर जानेवारीत पडतो.

जुन्या आणि नव्या कामगारांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. जॅकार्डची पत्री, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी छिद्रांची पट्टी, हाताने पाडणारे जुने कारागीर आता थोडे उरले आहेत, कारण नक्षी संगणकावर काढली जाते आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पत्री लागत नाही. आमच्याच कारखान्यात असे एक गृहस्थ होते. नवीन यंत्रणा आल्यावर त्यांना गोदामात बसवण्यात आले होते. संगणकावर बसणारा मुलगा चित्रकलेत उत्तम होता, पण त्याने काढलेल्या एका फुलाच्या नक्षीत काही धागे बऱ्याच अंतरापर्यंत बांधणीशिवाय सुटे राहत होते. पडद्यावर ते फूल फार सुंदर दिसे. या गृहस्थांनी नमुना हातात घेऊन त्या जागेवरून नुसते नख फिरवले आणि धागा वर आला. मुलाने तोच भाग पुन्हा काढला, या वेळी ते शेजारी बसून. पुढे दोघांचे टेबल एकत्र करण्यात आले. त्या मुलाला विणीचे ज्ञान मिळाले आणि त्या गृहस्थांना, मला वाटते, कामावर यायची इच्छा पुन्हा मिळाली. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. ते मानांकन ज्या हातांच्या ज्ञानावर उभे आहे ते ज्ञान गोदामात बसवून ठेवणे परवडणारे नाही.

कारखान्याबाहेरही हेच दिसते. निवृत्तीनंतर मी एका महिला बचत गटाच्या कामात मदत करते. गट ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. प्रारंभी सर्वजणी सर्व काही करत, त्यामुळे भाकरी कधी जाड, कधी पातळ आणि चटणीची चव दर वेळी वेगळी. आता भाकरी थापणाऱ्या ठरलेल्या आहेत, शेंगदाणे भाजण्याचे काम एकीचेच आहे आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बोलायला, भाव सांगायला आणि अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवायला कोण जाणार, हेही त्यांनीच चर्चेने ठरवले. विक्रीला जाणाऱ्या बाई गटाच्या अध्यक्ष नाहीत, आणि सुरुवातीला अध्यक्षांना ते रुचले नव्हते. पद आणि गुण एकाच व्यक्तीत असतीलच असे नाही, हे मान्य करायला मन मोठे करावे लागते. अध्यक्षांनी ते केले, याचे मला कौतुक वाटते.

या सर्व प्रकारात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. गुण ओळखल्यावर माणसाला त्याच गुणाच्या खुंट्याला बांधून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. अक्षर चांगले म्हणून प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त तिनेच लिहायचे, स्वभाव गोड म्हणून तक्रार घेऊन आलेल्याला त्यानेच तोंड द्यायचे. विशेषतः कार्यालयांत आणि शाळांत स्त्रियांच्या वाट्याला पाहुण्यांची सरबराई, सजावट आणि नोंदी याच गुणांच्या नावाखाली येतात, आणि निर्णयाच्या टेबलावर त्यांची जागा रिकामीच राहते. म्हणून ज्याला जे येते ते काम देतानाच, त्याला पुढे काय शिकायचे आहे हेही विचारले पाहिजे, आणि प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी दुसरा हात तयार ठेवला पाहिजे. काही माणसे विचारल्यावर आपला गुण सांगत नाहीत, काहींना तो ठाऊकच नसतो. त्यांच्याबाबतीत शेजारी काम करणाऱ्याला विचारावे. "तुला अडचण आली की तू कोणाकडे जातेस?" या एका प्रश्नाच्या उत्तरांतून मला माझ्या विभागाची जेवढी ओळख झाली, तेवढी कोणत्याही नोंदवहीतून झाली नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या अंकात आठवड्यातून एक लहानसा स्तंभ या शहरातील अशा कामगारांसाठी राखून ठेवावा. एखादा जॉबर, ताण्याचे धागे सांधणारी बाई, रंगारी, विड्यांची प्रतवारी करणारी, बस आगारातील एखादा मेकॅनिक, यांना नेमके काय येते आणि त्यांच्यामुळे इतरांचे काम कसे सोपे होते, हे त्यांच्याच शब्दांत छापावे. उद्योजकांच्या संघटनांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ते वाचावे आणि आपल्या प्रशिक्षणात अशा माणसांना शिकवायला बोलवावे. हा मजकूर जमवण्यासाठी लागेल ती मदत करायची माझी तयारी आहे. कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत माणसे बोलायला मोकळी असतात, आणि आपल्या वार्ताहरांपैकी कोणाला तेलुगू येत असेल तर त्यांनाच पाठवावे, म्हणजे काम अधिक चांगले होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पर्यवेक्षक,
सोलापूर